शेपूट बाहेर राहिलेली गाडी

गाडी घेताना माणसं रंग बघतात, ॲव्हरेज बघतात, काही जण टायरला लाथ मारून बघतात. सुदाम वरठांनी यातलं सगळं केलं. फक्त ती लावायची कुठं, एवढं बघायचं राहून गेलं.

त्यात त्यांचा दोष तसा नव्हता. वापीच्या अलीकडे जुन्या गाड्यांचं एक दुकान होतं, तिथं ती त्यांना पहिल्यांदा दिसली, आणि दुकानाभोवती मोकळं मैदान होतं. मोकळ्या मैदानात कुठलीच गाडी मोठी दिसत नाही. पुढे पाच माणसं बसतील अशी केबिन, मागे म्हैस आडवी झोपेल असा उघडा हौदा, आणि रंग पांढरा. दुकानदाराने दार उघडून "बेसो साहेब" म्हटलं. सुदाम वरठा पायरीवर पाय देऊन, वरचा दांडा धरून चढले, सीटवर टेकले आणि समोर बघितलं. दुकानाच्या भिंतीपलीकडचं शेत दिसत होतं. शेतापलीकडचा रस्ता दिसत होता. रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीच्या टपावरची सायकलसुद्धा दिसत होती.

आता सांगायलाच हवं की सुदाम वरठा उंचीने कमी होते. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत ते पहिले असत. लग्नाच्या फोटोत फोटोग्राफरने त्यांना पाटावर उभं केलं होतं आणि पाटही फोटोत आला होता. तलासरीच्या एका सरकारी कचेरीत ते हेडक्लार्क झाले, तरी फायलींच्या ढिगामागे बसले की कामाला आलेली माणसं त्यांच्याकडे बघून विचारायची, "साहेब आले नाहीत का अजून?" अशा माणसाला एकदम भिंतीपलीकडचं दिसायला लागलं, तर तो ॲव्हरेज कशाला विचारत बसेल? सौदा तिथंच झाला.

बायकोला त्यांनी कारण वेगळं सांगितलं. दक्षा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची, त्यामुळे तिला कारण सांगताना उत्तरपत्रिका दिल्यासारखं वाटे.

"पाच माणसं बसतात," सुदाम म्हणाले, "आणि मागे सामान. तुझ्या माहेरी जायला बरं."

"घरात माणसं आपण दोन," दक्षा म्हणाली, "आणि माझं सामान म्हणजे एक पिशवी. बाकी मागे काय नेणार?"

नव्या उत्साहात माणसाला अशा प्रश्नांचा राग येतो, तसा त्यांना आला.

गुजरातचा नंबर काढून महाराष्ट्राचा घेताना काय झालं, ते सविस्तर सांगायला बसलं तर गाडी घरापर्यंत पोचायचीच नाही. आरटीओच्या खिडकीमागच्या माणसाने विचारलं, "गाडी माल नेते की माणसं?" सुदाम म्हणाले, "दोन्ही." तो म्हणाला, "दोन्हीचा रकाना नाही." हे उत्तर सुदाम वरठांनी स्वतः कचेरीत लोकांना पुष्कळदा दिलेलं होतं. समोरून ऐकताना ते कसं लागतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं. असो, शेवटी नंबर मिळाला आणि २०१७च्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी गाडी डहाणू रोडच्या चिकूबन सोसायटीच्या फाटकात येऊन थांबली. थांबली म्हणजे अडकलीच.

चिकूबनची रचना समजून घेतली पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. फाटकातून आत आलं की डाव्या हाताला पाण्याची टाकी. टाकीच्या मागे, कुंपणाच्या भिंतीलगत, एक लांबलचक मोकळी पट्टी. ही पट्टी इतकी लांब की सुदामची गाडी त्यात आरामात मावली असती. पण पट्टीत शिरायचं तर टाकीच्या कोपऱ्याला वळसा घालून शिरावं लागे. छोट्या गाड्या तो वळसा घालत. सुदामच्या गाडीचं तोंड आत जाई, पोट टाकीला लागे, आणि शेपूट फाटकात राही. शेपूट फाटकात राहिलं की फाटक लागत नसे. फाटक उघडं राहिलं की रस्त्यावरच्या गाई आत येत. आणि गाई आत आल्या की सरळ तळमजल्यावरच्या संगितावहिनींचा गवती चहा खात.

"टाकीचा कोपरा थोडा फोडला तर?" सुदामनी पहिल्याच दिवशी विचारलं.

ती टाकी सेक्रेटरी मनिषभाईंनी वडिलांच्या स्मरणार्थ बांधून दिली होती. वडिलांचं नाव कोपऱ्यावरच्या संगमरवरात कोरलेलं होतं. मनिषभाईंचा घोलवडहून चिकू पाठवायचा धंदा. माणूस गोड, बोलणं त्याहून गोड. ते म्हणाले, "वरठासाहेब, टाकीचं नाव नका काढू हं को. पप्पा आहेत ते आमचे."

त्यानंतर सल्ले सुरू झाले. आपल्याकडे पैसे मागितले तर माणसं खिशात हात घालायला वेळ लावतात, पण गाडी मागे घेणारा माणूस दिसला की सगळे हातातलं काम टाकून धावतात. संगितावहिनी ओट्यावरूनच "उजवीकडे, उजवीकडे!" ओरडत. दूधवाला रघ्या किटली खाली ठेवून "डावीकडं कापा शेट!" म्हणे. दुसऱ्या मजल्यावरून कुणीतरी सुचवलं की टायरमधली हवा थोडी काढली तर गाडी आखडेल. सुदाम वरठा केबिनमध्ये उंच बसून घामाघूम होत, आणि इतक्या उंचावरून आपली फजिती सगळ्या गल्लीला दिसते, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात येई. छोट्या गाडीत निदान लपून घाम गाळता आला असता.

शेवटी एका सकाळी गाईने गवती चहा संपवून कढीपत्त्याला तोंड लावलं आणि प्रकरण मनिषभाईंकडे गेलं.

"गाडी फर्स्टक्लास आहे ने," मनिषभाई म्हणाले, "पण आपली सोसायटी केवढी! असं करू. रविवारी अकरा वाजता मीटिंग ठेवतो. सगळ्यांसमोर लावून दाखवा. लागली तर टाकीमागची जागा कायमची तुमची. नाय लागली, तर मग तुम्हाला त्रास कशाला? माझ्याकडं घोलवडला वाडी आहे, चिकूच्या पेट्या आहेत, गाडी मी ठेवून घेतो. भाव बराबर देईन."

हे ऐकून सुदाम वरठांच्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे या माणसाचा पहिल्या दिवसापासून गाडीवर डोळा होता तर! आणि तिडीक गेलेल्या माणसाने जे कधीच बोलू नये, ते ते बोलून बसले. "ठरलं! रविवारी अकराला गाडी लावून दाखवतो. नाही लागली, किंवा मी आलोच नाही, तर किल्ली तुमची!"

संगितावहिनींनी ते ऐकलं, रघ्याने ऐकलं, आणि रघ्याने ऐकलं म्हणजे दुपारपर्यंत स्टेशनापलीकडेही कळलं. दक्षाला त्यांनी स्वतः सांगितलं. ती तेव्हा माहेरी निघाली होती, धाकट्या भावाच्या, तुषारच्या लग्नासाठी. लग्नही त्याच रविवारी, संध्याकाळी होतं. ती एवढंच म्हणाली, "सकाळी गाडी हरा आणि संध्याकाळी वऱ्हाडात नाचा." आणि पिशवी उचलून गेली.

रविवारपर्यंत गाडी सोसायटीबाहेर ठेवायची, एवढं आता ओघाने आलं. गुरुवारी सुदाम ती घेऊन तलासरीला कचेरीत गेले आणि बाजाराच्या तोंडाशी चिंचेखाली सावली बघून लावली. त्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. संध्याकाळी कचेरी सुटल्यावर किल्ली फिरवत ते चिंचेपाशी आले, तर हौदा भरलेला.

टोपल्या घेतलेल्या बाया होत्या. तांदळाची पोती होती. एक माणूस सायकलसकट बसला होता, आणि एक शेळी त्याच्या सायकलचं सीट चाटत होती. मधोमध, जादा चाकावर, कपाळावर मोठं कुंकू लावलेली एक म्हातारी मांडी ठोकून बसली होती. सुदामना बघून ती म्हणाली, "किती येळ लावतंस रं? कवाची भरली. सोड आथा."

या भागात राहणाऱ्याला यात नवल वाटायचं नाही. मागचा हौदा उघडा असलेली गाडी उभी दिसली, की ती कुठंतरी जाणार. आणि जाणार तर आपल्याच वाटेने जाणार, असं इथं माणसं धरून चालतात. विचारायचं काय त्यात? चढायचं आणि बसायचं. भरली की सुटते. सुदाम वरठाही पाड्यावरून हायस्कूलला असेच जायचे. पण हेडक्लार्क झाल्यावर माणसाला काही गोष्टी आठवेनाशा होतात.

"ही वडापची गाडी नाही," ते म्हणाले.

"मंग उभी कशाला केलीस?" म्हातारीने विचारलं.

त्यांनी किल्ली वर धरून दाखवली. "ही माझी स्वतःची आहे. मी इथं कचेरीत हेडक्लार्क आहे."

"असूं दे," म्हातारी समजूतदारपणे म्हणाली. "डायवर कठं गेला?"

हा घाव फार खोल गेला. सुदामनी आवाज चढवून सगळ्यांना उतरायला सांगितलं. गंमत म्हणजे कुणी भांडलं नाही. एकमेकांच्या टोपल्या धरत, पोती उतरवत सगळे खाली आले. शेळी तेवढी उतरत नव्हती, तिला सुदामनी स्वतः उचलून दिली आणि शर्टाचं एक बटण तिच्याकडे गेलं. म्हातारी सगळ्यात शेवटी उतरली. मागचा फाळका बंद करत असलेल्या सुदामकडे तिने वरपासून खालपर्यंत बघितलं आणि खरोखरच्या काळजीने विचारलं, "एवडी मोठी गाडी, आन् एकटाच बसतंस? भ्या नाय वाटत?"

सुदाम गाडी सुरू करून निघाले. पण डहाणूकडे न जाता त्यांनी गाडी डोंगराकडे वळवली. अशा चढाऊ माणसांत आता गाडी ठेवायचीच नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं. सासऱ्यांचं अंगण मोठं, आपल्या माणसांचं, तिथं रविवारपर्यंत ती सुखाने राहील. कुंडाच्या पाड्यावर पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. सासरे देवजी अंगणात बांबू सोलत बसले होते.

"ठेवा जावाय," ते म्हणाले. "आंगण तुमचंच हाय."

गाडी अंगणाच्या मधोमध लागली. वळवावी लागली नाही, कापावी लागली नाही, कुणी उजवीकडे-डावीकडे ओरडलं नाही. सुदामचा जीव भांड्यात पडला आणि ते वडापच्या जीपला मागे लटकून डहाणूला परत आले. लटकताना त्यांच्या पायावर कुणाचा तरी पाय होता, पण मनाने ते अजून केबिनमध्येच बसलेले होते.

रविवारी सकाळी पहिल्या जीपने ते गाडी न्यायला पाड्यावर हजर झाले आणि अंगणाच्या कडेला जागच्या जागी खिळले.

गाडी होती. पण ती आता अंगणात नव्हती, मांडवात होती. गाडीच्या चारी बाजूंनी मेढी, म्हणजे मांडवाचे खांब, पुरून वर बांबू टाकले होते, बांबूंवर उंबराचे आणि आंब्याचे डहाळे पसरले होते. एक मेढ बरोबर बंपरसमोर होती आणि एक बरोबर फाळक्यामागे, म्हणजे गाडी पुढे जाईना की मागे. हौद्यात चटया अंथरल्या होत्या. आणि गाडीची दारं तांबडी झाली होती. घरातल्या बायकांनी भिंतीवर लग्नाचा चौक लिहिल्यावर पीठ उरलं होतं, ते गाडीवर वापरावं असं त्यांच्या मनात आलं. पण पांढऱ्या गाडीवर तांदळाचं पांढरं चित्र दिसेना, म्हणून त्यांनी आधी गेरू लावून घेतला होता. आता दोन्ही दारांवर नाचणारी माणसं होती, ताडाची झाडं होती, घोड्यावर नवरा-नवरी होती, आणि डिझेलच्या झाकणावर एक मोर होता.

"हे काय?" सुदामना एवढंच म्हणता आलं.

दक्षा पाणी घेऊन पुढे आली. "काल दोनदा टेकडीवर जाऊन फोन केला, लागला नाही. मांडव अंगणातच घालायचा असतो आणि अंगणात गाडी होती. बाबा म्हणाले, जावयाने ठेवलीय ती काहीतरी विचार करूनच ठेवली असणार. बसायला बरी म्हणून."

"मला अकराला ती डहाणूत न्यायचीय! ही पुढची मेढ काढा आधी."

मेढीला हात लावायला ते वाकले, तेवढ्यात हौद्यातून आवाज आला. "हात नको लावूस! मेढ हालायची नाय."

चटईवर कपाळभर कुंकू लावलेली म्हातारी बसली होती. ती पुतळीबाय, धवलेरी. पाड्यांवर लग्नं लावते ती धवलेरीच. एकामागून एक गाणी म्हणत ती सगळा विधी पार पाडते, आणि मांडवात तिचा शब्द चालतो. चिंचेखालीही जादा चाकावर तीच बसली होती. दोघांनी एकमेकांना एकाच वेळी ओळखलं.

"अगं बया, हा तर तो डायवर!" पुतळीबाय म्हणाली. मग तिने गाडीकडे बघितलं, सुदामकडे बघितलं, आणि तिला वेगळंच कोडं पडलं. "आरं, पन तू हिकडंच येनार होतास ना? मी पन हिकडंच येनार होतू. मंग उतरवलंस कशाला?"

ती चालत आली होती, हे दक्षाने हळूच सांगितलं. कांबळं आणि तांदळाचं गाठोडं डोक्यावर घेऊन, चढण चढून. सुदाम रिकामा हौदा खडखडवत ज्या रस्त्याने आले, त्याच रस्त्याने ती मागून आली होती. सुदामना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही बाई आता काय सूड घेईल, या विचाराने त्यांना घाम फुटला. त्यांनी चाचरत सगळं सांगितलं: सोसायटी, टाकी, गाय, किल्ली.

पुतळीबायने नीट ऐकून घेतलं. "मेढीला हळद लागली. नवरा-नवरी उठंतवर ती हालायची नाय," ती म्हणाली. सुदामनी डोळे मिटले. "गाडीला हळद नाय लागली. गाडी हालली तर देव काय बोलंत नाय."

देवजींनी नुसती एक हाळी दिली. पावसाळ्यात पाड्याच्या रस्त्यावर गाड्या रोज चिखलात रुततात, आणि रुतलेली गाडी दिसली की दिसेल त्याने जाऊन ती उचलायची, ही इथली रीत. त्यासाठी मीटिंग ठेवत नाहीत. आंघोळीला निघालेले, बोकड बांधणारे, पातेली घासणारे, खुद्द हळद लागलेला नवरा, सगळे आले. "हां... होऽऽ!" करून आधी तोंड उचललं, एका बाजूला ठेवलं, मग शेपूट उचललं, पुन्हा थोडं बाजूला. झोपलेल्या पोराला एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर न्यावं, तशी त्यांनी गाडी दोन मेढींच्या मधून आडवी बाहेर काढली. एकही मेढ हलली नाही. सुदाम केबिनच्या पायरीपाशी हात चोळत उभे होते.

ते बसले, गाडी सुरू केली आणि आरशात बघितलं तर हौदा भरला होता. कुणाला डहाणूहून बर्फ आणायचा होता, कुणाला फुलं, कुणाला नवरीच्या बांगड्या, आणि बरेच जण गाडी जातेय म्हणून बसले होते. पुढे दक्षा चढली आणि तिच्या शेजारी पुतळीबाय.

"तुम्ही कशाला?" सुदामनी विचारलं.

"तू परत येतंस का नाय, बघाया," पुतळीबाय म्हणाली. "माजी बसायची जागा हाय ती मागं."

अकरा वाजून गेले होते. चिकूबनमध्ये टाकीसमोर खुर्च्या मांडून सगळे बसले होते. मनिषभाईंनी घोलवडहून चिकूची एक रिकामी लाकडी पेटी आणवली होती. हौद्यात किती पेट्या बसतील ते मापून बघायला असावी. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी गाण्याचा आवाज आला, आणि मग तांबड्या दारांची, उंबराचा पाला अडकलेली, माणसांनी शिगोशीग भरलेली गाडी फाटकात शिरली.

"कुणाचं लगन?" मनिषभाई उभे राहिले.

सुदामनी दात आवळून चाक फिरवलं. तोंड आत गेलं. पोट टाकीजवळ आलं. "पप्पा! पप्पा सांभाळा!" मनिषभाई ओरडले. संगितावहिनी "उजवीकडे!" म्हणाल्या, रघ्या "डावीकडं!" म्हणाला. गाडी मागे आली, पुढे गेली, मागे आली. शेपूट फाटकातच राहिलं. तिसऱ्या खेपेला बाहेरून एका गाईने मान आत घातली आणि हौद्याच्या फाळक्यावरचा उंबराचा पाला खायला सुरुवात केली.

मग सुदाम वरठांनी इंजिन बंद केलं. त्यांना एकाएकी फार थकल्यासारखं झालं. भिंतीपलीकडे त्यांना नारळाची झाडं दिसत होती, रेल्वेच्या तारा दिसत होत्या, सगळं दिसत होतं. ते आता यापुढे दिसणार नव्हतं. त्यांनी किल्ली काढली आणि खिडकीतून हात बाहेर केला. मनिषभाईंनीही हात पुढे केला.

मागे हौद्यात बसलेल्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. मीटिंग, किल्ली, शब्द, कशाचीच त्यांना गंधवार्ता नव्हती. त्यांना फक्त गाडी थांबलेली कळली.

"काय झालं? रुतली का?" कुणीतरी विचारलं.

"रुतली वाटतं."

आणि धडाधड उड्या पडल्या. किल्ली मनिषभाईंच्या बोटांपर्यंत पोचायच्या आत गाडी वर उचलली गेली. खिडकीतून बाहेर आलेला सुदामचा हात मनिषभाईंच्या डोक्यावरून, आशीर्वाद दिल्यासारखा, पलीकडे गेला. आधी शेपूट, मग तोंड, मग पुन्हा शेपूट. "हां... होऽऽ!" गाडी टाकीच्या कोपऱ्यावरून पाण्यासारखी वळली आणि भिंतीलगतच्या पट्टीत जाऊन बसली. टाकीला ओरखडा नव्हता. वडिलांच्या नावावर उंबराचं एक पान तेवढं चिकटलं होतं.

संगितावहिनी चालत फाटकापाशी गेल्या, गाईला बाहेर ढकललं आणि फाटक ओढलं. कडी खळकन लागली.

"लागलं की हो फाटक!" त्या म्हणाल्या.

मनिषभाईंनी संगमरवरावरचं पान हळूच काढलं. पेटीकडे एकदा बघितलं. "लागली," ते म्हणाले. माणूस शब्दाचा पक्का होता. "जागा तुमची."

टाळ्या पडल्या. तेवढ्यात रघ्याने, ज्याला गप्प बसणं कधी जमलं नाही, विचारलं, "पण आता भायेर कशी काढायची?"

सगळ्यांनी गाडीकडे बघितलं. एका बाजूला भिंत, एका बाजूला टाकी. ती जशी आत गेली होती, त्याशिवाय दुसऱ्या कुठल्याच मार्गाने ती बाहेर येणार नव्हती. आणि उचलणाऱ्यांतले निम्मे बर्फ, फुलं आणि बांगड्या आणायला तोवर पांगले होते. संध्याकाळी लग्न होतं.

पुतळीबाय केबिनच्या पायरीवरून खाली उतरली. खुर्च्यांत बसलेल्या सोसायटीकडे तिने बघितलं. "जशी गेली तशी येल," ती म्हणाली. "बसलाव काय? हात लावा!"

तिच्या आवाजात असं काही होतं की मनिषभाई सोन्याची अंगठी काढून खिशात टाकत उठले. संगितावहिनींनी पदर खोचला. दुसऱ्या मजल्यावरचे हवेवाले खाली आले. पाड्यावरचे उरलेले होते त्यांनी कुणी कुठं धरायचं ते दाखवलं, आणि चिकूबन सोसायटीने जन्मात पहिल्यांदा एक गोष्ट एकमताने उचलली. मनिषभाई सगळा वेळ टाकीच्या कोपऱ्याला पाठ लावून उभे होते. टाकीला लागायचं ते आधी आपल्याला लागावं म्हणून.

गाडी बाहेर आली. सगळे हात झटकत, धापा टाकत, एकमेकांकडे बघून उगाचच हसत उभे राहिले.

"बसा आथा," पुतळीबाय म्हणाली.

"आम्ही?" मनिषभाईंनी विचारलं.

"मंग? उचलली ना? भरली की सोडतं तो." तिने सुदामकडे हात केला. "डायवर बेस हाय."

सुदाम वरठांनी खाली उतरून स्वतः फाळका उघडला. मनिषभाई हौद्यात चढले आणि बसायला काही नाही म्हणून आपल्याच चिकूच्या पेटीवर बसले. बर्फ, फुलं आणायला पांगलेले तोवर परत आले, आणि संगितावहिनींनी बर्फाच्या लादीवर गोणपाट टाकून जागा केली. संध्याकाळी कुंडाच्या पाड्यावर गाडी पुन्हा मेढींच्या मधून आडवी आत गेली, तेव्हा उचलणाऱ्यांत कोण पाड्यावरचं आणि कोण सोसायटीचं, हे अंधूक उजेडात ओळखू येत नव्हतं. पुतळीबाय तिच्या जागेवर बसली आणि तिने गाणं लावलं. मनिषभाईंना त्यातला एक शब्द कळला नाही, पण ते शेवटपर्यंत हलले नाहीत. तुषार आणि त्याची नवरी हौद्यात बसली तेव्हा दक्षा सुदामच्या कानाशी येऊन म्हणाली, "मागे काय नेणार, म्हणून विचारलं होतं ना मी? मिळालं उत्तर."

त्यानंतर गाडी टाकीमागेच राहायला लागली. रोज सकाळी कचेरीच्या वेळेला सुदाम एकदा हॉर्न वाजवतात. दारं उघडतात. कुणी तोंडात ब्रश धरून येतं, कुणी पेपर काखेत धरून. रघ्या किटली खाली ठेवतो. मनिषभाई म्हणतात, "मी काय गाडीसाठी येत नाय हं को, पप्पांसाठी येतो," आणि टाकीच्या कोपऱ्याला पाठ लावतात. गाडी बाहेर आली की ज्यांना स्टेशनला, आशागडला, चारोटीला जायचं ते मागे बसतात. बाजाराच्या दिवशी तलासरीत गाडी चिंचेखाली उभी राहते आणि फाळका उघडा असतो. दारांवरचा गेरू त्या पावसाळ्यात धुपला, तेव्हा दक्षाच्या माहेरून बायका येऊन पुन्हा लावून गेल्या.

पहिल्या सोमवारी सुदाम केबिनमध्येच बसून राहिले होते. कुणीतरी खालून ओरडलं, "साहेब, तुम्ही उतरलात तर तेवढंच वजन कमी!" ते उतरले, आणि उतरल्यावर नुसतं बघत कसं राहणार, म्हणून त्यांनीही हात लावला. तेव्हा एक शोध लागला. बुटका माणूस शेपटाखाली फार छान बसतो. तेव्हापासून ती जागा त्यांची.

तिथून भिंतीपलीकडचं काहीच दिसत नाही. वाकलेल्या माणसाला फक्त पाय दिसतात: मनिषभाईंच्या कातडी चपला, संगितावहिनींच्या रबरी सपाता, रघ्याचे अनवाणी, दुधाचे ओघळ वाळलेले पाय, आणि शाळेला निघालेल्या दक्षाच्या सँडल. सगळे पाय एकदम जमिनीत रुततात, वरून कुणीतरी "हां... होऽऽ!" म्हणतं, आणि एकट्याने कधीच हलली नसती ती गाडी हलते. पुतळीबायने चिंचेखाली विचारलेला प्रश्न त्यांना तेव्हा रोज आठवतो. भीती वाटत होती, पुतळीबाय. फार वाटत होती, फक्त ते कळत नव्हतं. त्या पायांकडे बघत सुदाम वरठा रोज मनातल्या मनात सगळ्यांचे आभार मानतात, आणि मग जोर लावतात.